१९७० ची एमजीबी घरच्या गॅरेजात: आधी इंजिन की आधी पत्रा?

लीड्सचा_पंत
नमस्कार मंडळी. गाडी एमजीबी रोडस्टर (दोन सीटची उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी), १९७०, क्रोम बंपर, ओव्हरड्राइव्हवाली (गिअरबॉक्सला जास्तीचा उंच गिअर), रोस्टाइल (दाबीव पोलादी) चाकं. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. इंजिन हाताने फिरत नाही. क्लचचं पेडल जमिनीला. दाराखालच्या सिलला ताजा काळा रंग मारलाय, आणि लोहचुंबक तिथे मन मानेल तसा चिकटतो: वीतभर जागेत चिकटतो, पुढच्या वीतभर जागेत घसरून पडतो.
गॅरेज इथलं नेहमीचं, एका गाडीचं. आतून २.५ मीटर रुंद, ५ मीटर लांब. गाडी १.५२ मीटर रुंद आणि ३.८९ लांब. म्हणजे दोन्ही बाजू मिळून मीटरभरसुद्धा जागा नाही.
माझा बेत असा: आधी इंजिन मोकळं करून चालू करायचं, मग ब्रेक, मग वायरिंग, आणि पत्र्याचं काम सगळ्यात शेवटी, रंगाच्या आधी. क्रम बरोबर आहे का?

तेलकट_हात
आधी पत्रा. मग पत्रा. त्यानंतर वेळ उरला तर पत्रा.

पेठेतला
लोहचुंबक घसरतो तिथे लांबी (भरावाची पुट्टी) आहे. वीतभर लांबी म्हणजे लांबीला लांबी म्हणायला हरकत नाही. (ह. घ्या.)

कोव्हेंट्रीकर
पंत, क्रम उलटा आहे. कारण सांगतो.
या गाडीला वेगळी चॅसी नाही. रोडस्टरला छप्परही नाही. पुढची निम्मी गाडी आणि मागची निम्मी गाडी एकमेकांना धरून ठेवतात ते मुख्यतः दोन सिल आणि गिअरबॉक्सवरचा मधला बोगदा. सिल म्हणजे बाहेरून दिसतो तो एक पत्रा नव्हे. आतला सिल, त्याला टेकलेला उभा मधला पडदा, खाली कॅसल रेल (तळाची लांब पट्टी) आणि बाहेरचा सिल, असे सगळे मिळून एक पेटी होते. पेटी आतून कुजली तर बाहेरून कितीही काळा रंग मारा, गाडी मध्ये वाकते.
तपासणी फुकटात होते. दार बंद करा. दार आणि मागच्या मडगार्डमधली फट वर आणि खाली फीलर गेजने किंवा ड्रिलच्या बिटने मोजून लिहा. मग सिलखालच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून त्या बाजूची चाकं सुटेपर्यंत हळू उचला. पुन्हा मोजा. फट जवळजवळ तेवढीच राहिली तर पेटी जिवंत आहे. फट बरीच बदलली, दार अडकायला लागलं, किंवा जॅकच पत्र्यात घुसला, तर उत्तर मिळालं. जॅक लावताना कान उघडे ठेवा. खारी बिस्किट मोडल्यासारखा आवाज आला की थांबा.
दुसरी गोष्ट म्हणजे नकली सिल. कुजलेला सिल न कापता त्याच्यावरच नवा पत्रा झाकून वेल्ड करतात. ओळखायचं कसं? खरा बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाआड जातो आणि मागच्या मडगार्डच्या खालच्या भागाआडही जातो. झाकणीचा पत्रा मडगार्डच्या कडेला येऊन तिथेच थांबतो. ताजा काळा रंग बहुतेक त्या सांध्यासाठीच असतो.

रूपाली_डर्बी
कोव्हेंट्रीकरांशी निम्मी सहमत. सिल आधी तपासायचा, मान्य. पण "आधी सगळा पत्रा, मग बाकी" हे घरच्या गॅरेजात गळ्याशी येतं. संपूर्ण गाडी सुटी केली की मीटरभर जागेत बॉनेट, डिकीचं झाकण, दोन दारं, सीट, डॅश, विंडस्क्रीन आणि तीन डझन खोकी ठेवायची कुठे? अर्धवट सुट्या गाड्या विकायला येतात त्या याच कारणाने. एक बाजू, एक काम, ते संपलं की पुढचं. गाडी चाकांवर उभी राहिली पाहिजे, ढकलून बाहेर काढता आली पाहिजे.
आणि इंजिन अडकलंय ते सोडवायला गाडी खोलावी लागत नाही. ते काम आजच सुरू करा. त्याला मेहनत नाही, फक्त दिवस लागतात.

तेलकट_हात
रूपालीताई +१. दिवस लागतात तर आज लावा.
कृती: चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात, दोन-तीन चमचे. ॲसिटोन उडून जातं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा. ठिणगीजवळ आणू नका, दार उघडं ठेवा. चार-पाच दिवसांनी चौथा गिअर टाकून गाडी हळू पुढे-मागे हलवा. धक्का नको, झुलवा. स्टार्टरने जबरदस्ती केली तर चिकटलेली पिस्टन रिंग मोडते आणि मग सिलिंडर खरवडला जातो.
इंजिन सुटलं तरी लगेच चालू करू नका. आधी तेल आणि फिल्टर बदला (फिल्टरसकट साधारण सव्वाचार लिटर, २०डब्ल्यू५०), प्लग बाहेरच ठेवून स्टार्टर फिरवा आणि तेलाच्या दाबाचा काटा उठेपर्यंत थांबा. काटा उठला नाही तर प्लग लावायचेच नाहीत.

मामा_अकोला
अवांतर: हे इंजिन म्हणजे आपल्या ॲम्बॅसेडरचंच ना?

कोव्हेंट्रीकर
अवांतर नाही मामा, चांगला मुद्दा काढलात. घराणं एकच. बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज. ॲम्बॅसेडरला १४८९ सीसी, एमजीबीला १७९८. एमजीबीला १९६४ पासून क्रँकला पाच मेन बेअरिंग आहेत, त्यामुळे सुटे भाग सरसकट एकमेकांना लागत नाहीत. पण ज्या मिस्त्रीचा हात ॲम्बॅसेडरवर बसलाय त्याला हे बॉनेट उघडल्यावर अनोळखी वाटणार नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हची फट बसवायची) पद्धत तीच: आठ व्हॉल्व्ह, नऊचा नियम. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिल्याची फट, सातवा दाबलेला असताना दुसऱ्याची, असं. बेरीज नेहमी नऊ. थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी.
एक सावधगिरी. रॉकर शाफ्टच्या चार पायांमधून जाणारे चार नट हेडलाही धरून असतात. हेडचे एकूण अकरा नट. नुसता रॉकर काढायचा म्हणून ते चार सोडले तर हेडवर एकाच बाजूचा ताण राहतो, हेड वाकू शकतं, गॅसकेटमधून पाणी झिरपतं. म्हणून आधी रेडिएटरचं पाणी काढा, मग अकराही नट थोडे थोडे सैल करा. परत बसवताना मधून बाहेरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, ४५ ते ५० पौंड-फूट.

मामा_अकोला
नऊचा नियम! टॅक्सीवाले बोटांवर मोजायचे.

पेठेतला
आमच्याकडे नऊनंतर दहा येतात. इंजिनात काय येतं ते सांगा.

रूपाली_डर्बी
खर्च येतो.

स्पॅनरभाऊ
पाने घेण्याआधी हे वाचा. या गाडीला मेट्रिक पाने चालत नाहीत. बोल्ट बहुतेक यूएनएफ (इंची, बारीक) आटे, पाने एएफ (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं माप, इंचांत). पाव इंची बोल्टला ७/१६ चा पाना, ५/१६ च्या बोल्टला १/२ चा, ३/८ च्या बोल्टला ९/१६ चा. या तीन आकारांत गाडीचा मोठा भाग सुटतो. १/२ ला १३ मिमीचा पाना "बसतो". बसतो म्हणजे ०.३ मिमी ढिला बसतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे गोल करून निघून जातो. १४ मिमी ९/१६ पेक्षा लहान पडतो, तोही नकोच. सहा कोनी गोटी (सॉकेट) घ्या, बारा कोनी नको.
गंजलेल्या बोल्टला क्रम: तारेच्या ब्रशने आटे साफ, भेदक तेल, एक रात्र. मग आधी घट्ट करायच्या दिशेने जरासा हलवा, नंतर सोडा. तरीही नाही तर उष्णता. पेट्रोलच्या नळीजवळ उष्णता नाही, हे सांगायला नको.
वायर व्हील असतील तर मधल्या टोपीचे आटे डाव्या-उजव्या बाजूला उलटे असतात. लक्षात ठेवायला सोपं: टोपी वरून गाडीच्या मागच्या दिशेला फिरवली की घट्ट होते, पुढच्या दिशेला फिरवली की सुटते. दोन्ही बाजूंना तेच. पंतांची रोस्टाइल आहेत, पण वाचणारे बाकीचेही असतात.

लीड्सचा_पंत
सगळ्यांना दंडवत. प्लग काढून औषध घातलं. सिलची चाचणी शनिवारी.
समजा सिल गेलेत. ते घरी करता येतं का? मिग वेल्डर आहे, सपाट पत्र्यावर हात बरा चालतो.

कोव्हेंट्रीकर
येतं. मोजमाप धीराने केलं तर वेल्डिंग हा त्यातला सोपा भाग आहे.
१. गाडी सपाट जमिनीवर, आणि वजन स्प्रिंगांच्या जागी पेललेलं. मधोमध जॅक स्टँड लावून सिल कापला तर गाडी दोन्ही टोकांनी खाली झुकते, आणि तुम्ही ती त्याच आकारात कायमची वेल्ड करून टाकता. नंतर दार कधीच लागत नाही.
२. दारं बिजागरीवर असताना फटी जुळवून घ्या. मग दार काढून बिजागरीच्या खांबापासून कडीच्या खांबापर्यंत चौकोनी नळीची आडवी दांडी लावा, दोन पातळ्यांवर. दांडी वेल्ड केलेली चालेल, पण शक्य तिथे बिजागरीच्या बोल्टांच्याच भोकांत बोल्ट करा. म्हणजे नंतर घासत बसावं लागत नाही.
३. एका वेळी एकच बाजू. ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.
४. बाहेरचा सिल कापून आत बघा. मग कॅसल रेल, आतला सिल, मधला पडदा, आणि शेवटी बाहेरचा. प्रत्येक पायरीला नुसते टाके मारून दार परत लावून बघायचं. हो, दर वेळी. कंटाळा येतो. यावाच.
५. कारखान्यात स्पॉट वेल्ड होते, घरी त्याऐवजी वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं, २५ ते ३० मिमी अंतराने, आणि त्यातून भरून वेल्ड. दोन पत्रे क्लॅम्पने घट्ट चिकटलेले हवेत. मध्ये फट राहिली की वरचा पत्रा जळतो आणि खालच्याला काही लागतच नाही. दिसायला वेल्ड, प्रत्यक्षात नुसती टिकली.
६. पत्रा एक मिमीच्या आसपासचा. ०.६ मिमीची तार, आरगॉन-कार्बन डायऑक्साइडचा मिश्र वायू. सलग रेघ ओढू नका, पत्रा फुगतो. एक टाका इथे, पुढचा पाच सेंटीमीटरवर, मग परत येऊन मधले.
७. जिथे दोन पत्रे भिडतात तिथे आधी जस्ताचा वेल्ड-थ्रू प्रायमर.
८. सिलच्या खालची पाणी जायची भोकं बुजवू नका. उत्साहात सीलंट मारून ती बंद करणारे बरेच असतात. दहा वर्षांनी त्यांचा सिल पुन्हा कुजतो, आणि दोष नव्या पत्र्याला देतात.
पोकळीत मेण रंगानंतर. आधी मारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने पेट घेतं.

सुरक्षित_अंतर
आठ मुद्द्यांत आगीवर एकच वाक्य. म्हणून मी लिहितो.
बॅटरी सोडा. १९७० च्या गाडीत सीटच्या मागे ६ व्होल्टच्या दोन असतात, एकापुढे एक जोडलेल्या, त्या दोन्ही बाहेर काढा. ऑल्टरनेटरचा प्लगही काढा, नाहीतर वेल्डरचा करंट त्याचे डायोड खातो. पेट्रोलची टाकी बाहेर, गॅरेजच्याही बाहेर. "रिकामी आहे" हे कारण नाही. रिकाम्या टाकीतली वाफच पेटते, भरलेलीपेक्षा जास्त. पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या सिलच्या जवळून जात असतील तिथे सोडवून बाजूला घ्या.
गालिचा, खालचं जाजम, दाराचं कापड, सगळं बाहेर. जुन्या डांबरी थराला उष्णता लागली की तो वितळून जळत टपकतो. अग्निशामक हाताशी, दारापाशी नव्हे. आणि वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास गॅरेजातच थांबा. चहा तिथेच प्या.
कारखान्यात काही सांध्यांवर शिसं भरलेलं आहे. ग्राइंडर लावला की त्याची धूळ फुफ्फुसात. शिसं कानशीने काढा, चांगला मास्क लावा, आणि त्या कपड्यांनी स्वयंपाकघरात जाऊ नका.

पेठेतला
चहा गॅरेजात, कपडे स्वयंपाकघराबाहेर. आता झोपायचं कुठे तेही सांगून टाका.

जर्सीतला_जयंत
इकडे अमेरिकेत रबर बंपरवाल्या गाड्याच जास्त सापडतात, १९७४ च्या शेवटापासूनच्या. त्यांना गाडी उंच केलेली, आणि १९७५ पासून दोन एसयूऐवजी एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्बोरेटर. सिलबद्दल वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू. दोन एसयूचा संच लावून घेणारे पुष्कळ आहेत, पण मॅनिफोल्डही बदलावा लागतो आणि धुराचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे, ते आधी बघा.
इथल्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांतल्या गाड्यांचा पत्रा चांगला असतो, पण उन्हाने डॅशच्या वरच्या पॅडला भेगा पडलेल्या आणि रबर सगळं वाळलेलं. गंजापेक्षा रबर बरं.

कुडाळकर
पावसाळी हवेत याहून वेगळी कथा नाही. आपल्याकडची सॅन स्टॉर्म ही छोटी गाडी शहाणी, अंग फायबरचं.

स्पॅनरभाऊ
फायबरचं अंग असलेल्या गाड्यांची खालची चौकट बहुधा लोखंडीच असते, आणि ती अंगाखाली झाकलेली असल्यामुळे दिसत नाही. दिसणारा गंज बरा.

लीड्सचा_पंत
मध्येच विचारतो, पेट्रोल कुठलं? आणि क्लचसाठी इंजिन उतरवावंच लागेल का?

तेलकट_हात
आधी साधं बघा. पेडल जमिनीला म्हणजे बहुधा क्लचच्या मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरची रबरं गेलीत. मास्टरच्या डबीतलं तेल बघा, स्लेव्हचं रबरी टोपण उचलून ओलं आहे का बघा. हे काम गिअरबॉक्स जागेवर ठेवून होतं.
पण खुद्द क्लच प्लेट गेली असेल तर हो. या गाडीत नुसता गिअरबॉक्स खालून काढता येत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, पुढचं टोक वर करून तिरपं, बॉनेट काढून. मिळून दोनशे किलोच्या वर. भाड्याने एक टनाची क्रेन घ्या. रेडिएटर आणि त्याची चौकट आधी बाहेर. गिअरबॉक्सचं तेल आधी काढा, नाहीतर तिरपं केल्यावर ते मागच्या टोकातून सगळं जमिनीवर. ओव्हरड्राइव्ह असला तर साधारण ३.४ लिटर.
एकदा बाहेर आलं की प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील चारही बदला, जुनं "चालतंय" असलं तरी. रिलीज बेअरिंग इथे गोळ्यांचं नाही, कार्बनची कडी आहे. सिग्नलला क्लच दाबून उभे राहिलात तर तेवढी कडी झिजते. न्यूट्रलला या.
गिअरबॉक्समध्ये गिअर ऑइल नाही, इंजिनचंच २०डब्ल्यू५० जातं. जाड तेल घातलं तर ओव्हरड्राइव्ह रुसतो.

रूपाली_डर्बी
पेट्रोल: ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१ पासून ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल). महाग दर्जाचं अजून ई५ मिळतं, तेच घाला. इथेनॉल जुनी रबरी नळी आतून मऊ करतं आणि पाणी ओढतं. जुन्या नळ्या सगळ्या काढून आर९ (इथेनॉल सोसणारा दर्जा) छापलेल्या लावा. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी वाकवून बघा, आत केसासारख्या भेगा दिसतील. उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी वरून कुजते, खालून नव्हे. टाकी आणि डिकीच्या तळाच्या मध्ये चिखल साचून ओला राहतो तिथे.
पंप एसयूचा, विजेचा, मागे उजव्या बाजूला. चावी लावली की टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की हळू होतो. अखंड भरभर टकटक म्हणजे ओढण्याच्या बाजूला हवा घुसतेय किंवा टाकी रिकामी. काहीच आवाज नाही तर त्याचे पॉइंट चिकटलेत. हळूच ठोकला की चालतो, पण ते औषध घरापर्यंत पोचण्यापुरतंच.
शिसंरहित पेट्रोलने एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, हे खरं. पण त्यासाठी चांगलं हेड आताच खोलू नका. टॅपेटची फट नोंदवत जा. ती पुन्हा पुन्हा कमी व्हायला लागली की समजा व्हॉल्व्ह आत बसतोय, तेव्हा कडक सीट बसवून घ्या.

एसयू_पंथीय
माझ्या विषयावर कुणी लिहिलं नाही म्हणून मीच.
आधी टॅपेट, मग पॉइंट (०.०१४ ते ०.०१६ इंच), प्लग (०.०२५ इंच), टायमिंग. हे सगळं होईपर्यंत कार्बोरेटरच्या नटाला हात लावलात तर पाप लागेल. "कार्बोरेटर बिघडलाय" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा डिस्ट्रिब्युटर बिघडलेला असतो.
मग: एअर फिल्टर काढा. दोन कार्बोरेटरना जोडणाऱ्या दांडीचे क्लॅम्प ढिले करा, म्हणजे दोघे स्वतंत्र. वरची घंटा (कार्बोरेटरचं घंटेसारखं झाकण) काढून पिस्टन आणि घंटेवर खूण करून ठेवा, जोड्या बदलायच्या नाहीत. जेटचा नट वर करून जेट पुलाशी (कार्बोरेटरच्या आतल्या उंचवट्याशी) समपातळीत आणा, मग दोन पूर्ण फेरे खाली, म्हणजे नटाच्या बारा बाजू. दोन्हीकडे सारखं. घंटेच्या वरच्या टोपणात २०डब्ल्यू५०, आतल्या पोकळ दांड्याच्या वर अर्धा इंच. तीन-इन-वन तेल नको, पातळ पडतं. वेग वाढवताना गाडी अडखळते ती त्यानेच.
इंजिन गरम करा. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडची फूत्कार सारखी होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू. मग पिस्टन खालच्या पिनेने जेमतेम ०.८ मिमी उचला. इंजिन वेग वाढवून तसंच राहिलं तर मिश्रण जाड. अडखळून मरायला लागलं तर पातळ. क्षणभर वाढून पुन्हा मूळ जागी आलं तर बरोबर. एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा. एकाला सुधारलं की दुसरा पुन्हा तपासा, ते दोघे एकमेकांवर लक्ष ठेवून असतात.

पेठेतला
जावा असतात तशा.

रूपाली_डर्बी
पेठेतले, हे जुनं झालं आता.

वायरमन_विरार
दोन मुद्दे, पण दुसरा वाचाच.
ल्यूकसच्या वायरींना रंगांची भाषा आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीचा कायम चालू करंट. पांढरी म्हणजे चावीनंतरचा, फ्यूजशिवाय. हिरवी म्हणजे चावीनंतर फ्यूजमधून. जांभळी कायम चालू, फ्यूजमधून. लाल साइडचे दिवे, निळी हेडलाइट, काळी अर्थ. मागच्या मालकाने सगळीकडे एकच लाल वायर ओढली असेल तर तीच पहिली उपटा. निम्मे बिघाड अर्थचे असतात: वायसरखालचा रंग घासा, पत्रा चमकू द्या, आवळा, मग वरून ग्रीस.
दुसरा. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो ३५ ॲम्पियरला वितळतो, कायमचा सोसतो १७. नव्या पद्धतीच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा कायमचा सोसण्याचा असतो. म्हणजे "३५ च्या जागी ३५" म्हणून नवा घातला तर फ्यूजच्या आधी वायर जळते. १५ किंवा फार तर २० घाला.

सुरक्षित_अंतर
दुसऱ्या मुद्द्यासाठी वाखू (वाचनखूण) साठवली.

जर्सीतला_जयंत
ब्रेकला सिलिकॉनचं डॉट ५ तेल घाला, पाणी शोषत नाही, रंग खात नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीला उत्तम.

तेलकट_हात
असहमत. डॉट ५ मध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, पेडल स्पंजासारखं लागतं. पाणी शोषत नाही म्हणजे आत आलेलं पाणी खालच्या टोकाला थेंब होऊन साचतं आणि नेमका तिथलाच सिलिंडर गंजतो. जुन्यात मिसळलं तर आणखी घोळ. डॉट ४ घालून दर दोन वर्षांनी बदला. नळ्या तांबे-निकेलच्या, पोलादी नको.

जर्सीतला_जयंत
सगळी रबरं नवीन आणि नळ्या कोरड्या असतील तरच डॉट ५, हे लिहायचं राहिलं. बाकी आपलं जमणार नाही, सोडून देऊ.

मामा_अकोला
अशी गाडी भारतात केली तर नंबर मिळतो का?

वायरमन_विरार
जुलै २०२१ चे केंद्राचे नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मोठा बदल न केलेली गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००. रोजच्या वापराला आणि धंद्याला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यालाच रस्त्यावर. म्हणून मूळ इंजिन फेकून दुसरं बसवायच्या आधी विचार करा.

लीड्सचा_पंत
शनिवारचा निकाल. उजवी बाजू: वरची फट ५ मिमीवरून साडेचार. डावी: ५ वरून २, आणि दार कडीला घासलं. खारी बिस्किट वाजलं. इंजिन मात्र सुटलं, चौथ्या गिअरमध्ये झुलवून.
आता पुन्हा मूळ प्रश्न. इंजिन मोकळं झालंय तर ते चालू करून बघू, की तसंच ठेवून डावा सिल?

रूपाली_डर्बी
तेल बदला, काटा उठतो का बघा, कॉम्प्रेशन मोजून चारही आकडे लिहून ठेवा. एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले तर इंजिन झाकून ठेवा. पाच मिनिटांत कळणारी गोष्ट सिलच्या आधी कळलेली बरी, कारण इंजिन उतरवायचंच असेल तर मडगार्ड काढायच्या वेळी जागा मोकळी मिळते. एवढंच इंजिन आधी. मी वर म्हटलं होतं ते इतकंच.

कोव्हेंट्रीकर
त्याला माझी हरकत नाही. पण चालवत बाहेर काढून फेरी मारायचा मोह नको, डावी बाजू २ मिमीवर आली आहे.
डावीकडून सुरू करा. उजवी बरी आहे, तिच्या आधाराने डावी जुळवता येईल. मडगार्ड काढताना विंडस्क्रीन आधी उतरवा, नाहीतर वरचा मागचा कोपरा सुटत नाही. आणि काही बोल्ट डॅशच्या खालून, आतून आहेत. बाहेरचे सगळे काढल्यावरही मडगार्ड हलत नसेल तर ओढू नका, उताणे होऊन पायापाशी टॉर्च धरून बघा.

लीड्सचा_पंत
बघितलं. तीन सापडले. एकाचं डोकं आधीच गोल केलेलं आहे, १३ च्या पान्याने असावं.

स्पॅनरभाऊ
😑
त्यावर जराशी लहान सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवा. नाहीच धरली तर डोक्याच्या मधोमध ठिपका मारून ड्रिल करा, डोकं उडालं की मडगार्ड सुटेल आणि उरलेला दांडा बाहेरून पकडता येईल. आणि ड्रिलच्या आधी डोळ्यांना चष्मा, कारण तिथे तुम्ही उताणे पडलेले असणार.